पंचवीस जादू येतात, तरी पकडली जाते

प्रिय मावशी,
मी आठवीत आहे, चिपळूणला राहते. मे महिन्याच्या सुट्टीत मोबाइलवर व्हिडिओ बघून जादू शिकायला लागले. आता मला पंचवीस तरी जादू येतात. गणपतीत घरी सगळे जमले होते, तेव्हा करून दाखवल्या. नाणं गायब केलं तर मामेभाऊ ओरडला, "उजव्या हातात आहे, मूठ उघड!" सगळे हसले. एकवीस पानांची जादू काकाला आधीच येत होती. माझे हात इतके थरथरत होते की पत्ते खाली पडले. डिसेंबरात शाळेच्या स्नेहसंमेलनात मला पाच मिनिटं मिळाली आहेत. अजून कुठल्या जादू शिकू, म्हणजे कुणी पकडणार नाही? आई म्हणते, हे सगळं दहावीनंतर. बाबा म्हणतात, मुली कुठे जादूगार होतात? तुम्ही सांगा.
(नाव छापू नका, प्लीज.)

प्रिय भाची,

डिसेंबरपर्यंत एकही नवी जादू शिकू नकोस. उलट आहेत त्या पंचवीसमधल्या बावीस बाजूला ठेव. तीन निवड. पुढचे सगळे दिवस त्या तिघींचे.

तुला हे आवडणार नाही, हे मला माहीत आहे. नवी जादू कळते तेव्हा जो आनंद होतो तो खराच असतो आणि त्याची चटक लागते. पण व्हिडिओ तुला फक्त गुपित सांगतो. ते कळायला दहा मिनिटं पुरतात, आणि गुपित कळलं की व्हिडिओ संपतो. जादू करणारीचं काम तिथून पुढे सुरू होतं. तुला आज पंचवीस गुपितं माहीत आहेत. माणसांसमोर उभं राहून करता येईल अशी एकही जादू अजून तुझ्याकडे नाही. हे रागावून सांगत नाही. तुझं पत्र वाचलं आणि तुझ्यात ती जिद्द दिसली, म्हणून सांगते.

आधी नाण्याचं बघू. तुझ्या भावाला नाणं दिसलं होतं का? बहुतेक नसावं. नवशिक्या मुलांना मी शिकवते, त्यांचे हात रोज बघते. नाणं लपवलेला हात कसा असतो सांगू? ताठ. अंगठा बाहेर आलेला, मनगट आत वळलेलं, कोपर अंगाला चिकटलेलं. आणि ज्या डाव्या मुठीत नाणं "आहे", ती मूठ इतकी करकचून आवळलेली की त्यात नाणं नाही हे शेंबड्या पोरालाही कळावं. खरं नाणं हातात घेऊन तू कधी इतकी घट्ट मूठ वळतेस का? तुझा उजवा हातच ओरडून सांगत होता, भावाने ते फक्त ऐकलं.

यावर उपाय आहे आणि तो कंटाळवाणा आहे. काही दिवस लपवायचा सराव पूर्ण बंद कर. नाणं खरोखर डाव्या हातात ठेवायचा सराव कर. हो, खरोखर. उजव्या हातात नाणं घे, डाव्या तळहातावर ठेव, मूठ मिट. हे करताना स्वतःकडे नीट लक्ष दे. नाणं कुठल्या दोन बोटांत धरलं होतंस? मूठ मिटायला लागते नेमकी कधी? नाणं सोडल्यावर उजवा हात कुठे जातो? तो सहज खाली येतो, ओढणी सारखी करतो, टेबलावरची पेन्सिल उचलतो. तो ताठ राहत नाही, कारण त्याचं काम संपलेलं असतं. आणि तुझे डोळे? ते नाण्यामागे जातात, डाव्या मुठीकडे. उजव्या हाताकडे तू ढुंकूनही बघत नाहीस.

हे सगळं अंगात मुरलं की मग खोटं कर. एकदा खरं, एकदा खोटं, पुन्हा खरं. मोबाइल समोर ठेवून चित्रण कर आणि दुसऱ्या दिवशी बघ. कुठलं खरं नि कुठलं खोटं हे तुलाच ओळखता आलं नाही, की नाणं तयार झालं समज.

आरशासमोरच्या सरावाबद्दल एक सावधगिरी. आरशात बघून लबाडी करताना पुष्कळ जण नेमक्या त्या क्षणी डोळे मिटतात. स्वतःलाच स्वतःची चोरी बघवत नाही, म्हण ना. मग वाटतं, वा, काहीच दिसलं नाही! शिवाय नजर आरशात अडकायची सवय लागते आणि माणसांसमोर ती कुठे ठेवावी हे कळत नाही. म्हणून आरसा थोडा वेळ आणि मोबाइल जास्त. मोबाइलही एकाच जागी नको. एकदा तुझ्या डाव्या बाजूला ठेव, एकदा उजव्या, एकदा खाली जमिनीजवळ. लहान मुलं खालून बघतात आणि त्यांना तळहातातलं सगळं दिसतं.

नाणं दहा रुपयांचं घे. व्हिडिओतले बरेच कलाकार अमेरिकेचं अर्ध्या डॉलरचं नाणं वापरतात, त्याचा व्यास ३० मिलिमीटरहून थोडा जास्त असतो. आपलं दहाचं नाणं २७ मिलिमीटरचं आहे, म्हणजे तुझ्या वयाच्या तळहाताला ते बरं बसेल. रुपयाचं छोटं नाणं बोटांच्या फटीतून निसटतं, त्याच्या नादी लागू नकोस. पत्त्यांचंही तसंच. बाजारात दोन रुंदीचे कॅट मिळतात, अडीच इंची आणि सव्वादोन इंची. तू सव्वादोन इंची घे. ते खाली पडले त्यात थोडा दोष तुझ्या हाताच्या मापाचाही असेल, सगळा भीतीचा नसेल.

डोळ्यांबद्दल आणखी थोडं सांगायलाच हवं, कारण मला वाटतं सगळ्यात मोठी गोष्ट तीच आहे. इंग्लंडमधले गुस्ताव कुन आणि मायकेल लँड या दोन संशोधकांनी २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. जादूगार चेंडू वर उडवतो, झेलतो, पुन्हा उडवतो, झेलतो. तिसऱ्यांदा फक्त उडवल्यासारखं करतो, चेंडू हातातच असतो. त्या वेळी तो नजर वर नेऊन "चेंडू"कडे बघत राहिला, तेव्हा साधारण दोन तृतीयांश लोकांनी सांगितलं की चेंडू वर गेला आणि हवेत नाहीसा झाला. नसलेला चेंडू त्यांनी पाहिला! तोच जादूगार आपल्या हाताकडे बघत राहिला, तेव्हा असं सांगणारे एक तृतीयांशच उरले. हातांनी दोन्ही वेळा तेच केलं होतं, फरक फक्त नजरेचा होता. तू जिकडे बघशील तिकडे लोक बघतील, आणि तू ज्यावर विश्वास ठेवशील त्यावर ते ठेवतील. डाव्या मुठीत नाणं आहे असं आधी तुला वाटलं पाहिजे.

म्हणून मूठ लगेच उघडू नकोस. नाणं "ठेवल्या"वर थांब. काहीतरी बोल, कुणाला तरी प्रश्न विचार, मुठीवर फुंकर मारायला सांग. तोवर लोकांच्या मनात ते नाणं डाव्या मुठीत जाऊन बसतं. तू घाईने मूठ उघडलीस तर आत्ता काय झालं ते त्यांना आठवतं आणि ते मागोवा घेतात. मध्ये चार-सहा सेकंद गेले, एखादं हसू आलं, की तो मागोवा पुसट होतो. हसू फार कामाचं असतं. माणूस हसतो त्या क्षणी तो पहारा देत नाही.

डाय व्हर्नन नावाचे एक थोर जादूगार होऊन गेले. त्यांची एक गोष्ट जादूगारांच्या जगात प्रसिद्ध आहे. जगप्रसिद्ध जादूगार हॅरी हुदिनी म्हणत असे की एकच जादू तीनदा दाखवा, मी ती ओळखतोच. १९२२ साली शिकागोत व्हर्नन यांनी त्याला पत्त्यांची एक जादू दाखवली. हुदिनीने पानावर स्वतःची आद्याक्षरं लिहिली. ते पान कॅटमध्ये वरून दुसऱ्या जागी ठेवलं, तरी ते पुन्हा सगळ्यात वर आलं. हुदिनीने ती सात वेळा पाहिली आणि त्याला काही कळलं नाही. पुढे आयुष्यभर, अगदी नव्वदीतही, व्हर्नन तरुणांना एकच गोष्ट सांगत राहिले: सहज वागा. हातांची हालचाल जगातल्या कुठल्याही माणसाने पत्ते हाताळावेत तशी दिसू दे. मी तुला खरं नाणं ठेवायचा सराव करायला सांगतेय, तो त्याच वाटेवरचा आहे.

आता एकवीस पानांची जादू. काकाला ती येत होती म्हणून तुझा विरस झाला. पण ही जादू टाकून देऊ नकोस, तुझ्या तिघींपैकी एक हीच असू दे. महाराष्ट्रात जवळजवळ प्रत्येक घरात ती कुणाला तरी येते, आणि म्हणूनच तिच्यात एक संधी आहे. तिचं गुपित सांगताना मला संकोच वाटत नाही, कारण ते सरळ गणित आहे आणि तुला ते आधीच माहीत आहे. सात-सात पानांचे तीन ढीग, मनातलं पान ज्या ढिगात असेल तो मध्ये घ्यायचा, असं तीनदा, आणि मग अकरावं पान. पण असं का होतं, याचा विचार केलास का?

पहिल्यांदा ढीग मध्ये घेतला की पान आठव्या ते चौदाव्या जागेत येतं. पुन्हा वाटलीस की ते आपल्या ढिगात तिसरं, चौथं किंवा पाचवं पडतं. तो ढीग मध्ये घेतला की पान दहावं, अकरावं किंवा बारावं. आता तिसऱ्यांदा वाटताना दहावं, अकरावं आणि बारावं ही तिन्ही पानं कुठे पडतात? तिन्ही ढिगांत चौथ्या जागी! म्हणजे तिसऱ्या वाटपातल्या चौथ्या ओळीची फक्त तीन पानं तू लक्षात ठेवायची. समज बदाम सत्ती, किलवर राजा, इस्पिक दश्शी. समोरचा "मधल्या ढिगात" म्हणाला, की त्याच क्षणी तुला कळलं: किलवर राजा.

बघ, आता काय काय करता येतं. तिसऱ्यांदा ढीग नीट मध्ये घ्यायची गरज नाही. अकरापर्यंत मोजायची गरज नाही. काका तर टपूनच बसलेला असतो की ही आता अकरा मोजणार. तू सगळी पानं गोळा करून त्याच्याच हातात दे आणि म्हण, "काका, पिसा. हवी तेवढी पिसा." त्याला माहीत असलेली जादू तिथेच मोडते, कारण पिसल्यावर अकरावं पान कसलं नि काय. मग पत्त्यांना हातही लावू नकोस. त्याच्या डोळ्यांत बघ आणि सावकाश सांग: काळं पान आहे... चित्राचं आहे... किलवर... राजा. काकाचा चेहरा तेव्हा बघ. गुपित तेच, गणितही तेच. आपण फक्त उलगड्याची जागा बदलली.

हीच जादू सत्तावीस पानांनीही होते, नऊ-नऊचे तीन ढीग करून. तिथे पाचव्या ओळीची पानं लक्षात ठेवायची. का, ते स्वतः वहीत मांडून बघ. मी सांगणार नाही. ज्या दिवशी तुला ते सुटेल त्या दिवशी ही जादू खरी तुझी होईल.

तिन्ही वाटपं मात्र मुकाट्याने करू नकोस. एकवीस पानं तीनदा म्हणजे त्रेसष्ट वेळा पान टाकायचं. गप्प राहून ते केलंस तर प्रेक्षक चहा करायला उठतील. त्याला एखादी गोष्ट दे, आणि गोष्ट मराठीत दे, तुझ्या चिपळूणच्या मराठीत. व्हिडिओतल्या परदेशी मुलाची वाक्यं भाषांतर करून बोलणारी मुलं मी खूप बघते, आणि मला मनापासून वाईट वाटतं. मूल इतकं छान गोड बोलणारं असतं, आणि जादूला उभं राहिलं की "तुमचं कार्ड सिलेक्ट करा" सुरू. तीन ढीग म्हणजे तीन वाड्या का नसाव्यात? मनातलं पान म्हणजे घरातून न सांगता पळालेलं पोर. पहिल्या फेरीत त्याची वाडी कळली, दुसऱ्यात घर, तिसऱ्यात खोली. हे मला आत्ता लिहिता लिहिता सुचलं. तुला याहून चांगलं सुचेल.

मामेभावाचं काय करायचं? त्याच्यावर राग धरू नकोस. "बघा हं, हात अगदी रिकामा आहे, नीट बघा" असं तू म्हणाली असशील ना? तसं म्हटलं की समोरच्याला आव्हान मिळतं. कुणी विचारलंच नव्हतं की हात रिकामा आहे का, आता सगळे तेच शोधणार. रिकामा हात रिकामा आहे हे सांगू नये, तो सहज दिसू द्यावा. दुसरं म्हणजे, अशा भावाला काम दे. जादू सुरू व्हायच्या आधीच त्याला बोलव, शेजारी उभा कर, त्याच्या हातात काहीतरी धरायला दे. "दादा, हे तू सांभाळ, मला तुझ्यावरच भरवसा आहे." ज्याला काम मिळतं तो बहुधा आपल्या बाजूचा होतो, आणि त्याच्या हातात जादू घडली तर सगळ्यांपेक्षा मोठ्याने तोच ओरडतो. एवढं करूनही कुणी पकडलंच, तर हसून "हो, बरोबर!" म्हण आणि पुढची जादू सुरू कर. वाद घालू नकोस, मूठ मागे लपवू नकोस.

"पुन्हा कर, पुन्हा कर" असं म्हणाले तर करू नकोस. पहिल्यांदा त्यांना माहीत नसतं काय होणार आहे, दुसऱ्यांदा माहीत असतं, मग ते नेमक्या जागी बघतात. सात वेळा दाखवायला व्हर्ननच असावं लागतं.

थरथरणाऱ्या हातांबद्दल तुला लाज वाटतेय, असं पत्रातून जाणवलं. नको वाटू देऊस. भीती वाटली की अंगात अॅड्रिनलिन वाढतं, छाती धडधडते, बोटांचं बारीक काम सगळ्यात आधी बिघडतं. मोठमोठ्यांचं होतं. ते घालवता येत नाही, पण त्याची सोय करता येते. पहिली जादू अशी ठेव की जिच्यात बोटांची काहीच कसरत नाही, जी आपोआप होते. त्या दोन मिनिटांत अंग शांत होतं, लोक टाळ्या वाजवतात, मग नाजूक काम कर. तू गणपतीत पहिलं काय केलंस? नाणं. म्हणजे सगळ्यात अवघड गोष्ट सगळ्यात थरथरत्या हातांनी.

आता स्नेहसंमेलन. हे घरापेक्षा पूर्ण वेगळं आहे आणि इथे तुझं नाणं नि तुझे पत्ते दोन्ही निरुपयोगी आहेत. शेवटच्या रांगेतल्या मुलाला दहाचं नाणं दिसतच नाही. दिसत नसलेली गोष्ट नाहीशी झाली, तर त्याला त्याचं काय? रंगमंचावर मोठं काहीतरी हवं. तुझ्या तिघींपैकी तिसरी इथल्यासाठी ठेव: तुझ्या पंचवीसांतली दोरी कापून पुन्हा जोडण्याची जादू घे, किंवा फाडलेलं वर्तमानपत्र अखंड करण्याची. दोरी जाड, मऊ, पांढरी सुती घे आणि कपडे गडद घाल, म्हणजे लांबून उठून दिसेल. ती अशी बसव की एखाद्या सरांना किंवा बाईंना वर बोलावता येईल. आपले सर वर आले की मुलं आधीच खूश असतात, अर्धं काम तिथेच होतं.

आधी जाऊन सभागृह बघून ये. पंखा कुठे आहे? पंख्याखाली कागद नि रुमाल उडतात आणि आत दडवलेलं उघडं पडतं. विंगेत मुलं उभी असतील का? ती बाजूने सगळं बघतात आणि दुसऱ्या दिवशी वर्गात सांगतात. बाईंना सांगून विंग मोकळी करून घे. आणि माइक! हे कुणीच सांगत नाही. एका हातात माइक धरलास तर जादू एका हाताने करणार का? स्टँडचा माइक माग, तो तुझ्या तोंडाच्या उंचीला आधीच लावून घे. तो मिळत नसेल तर संगीत लाव आणि न बोलता कर. पण मग संगीताबरोबर निदान आठवडाभर सराव हवा.

पाच मिनिटं मिळाली आहेत, तर कार्यक्रम चार मिनिटांचा बसव. आपले पी. सी. सरकार १९५६ साली लंडनला बीबीसीच्या 'पॅनोरमा' कार्यक्रमात एका मुलीला करवतीने कापायची जादू करत होते. मुलगी कापून झाली, ती अजून उठायची होती, तेवढ्यात कार्यक्रमाची वेळ संपली आणि निवेदकाने निरोप घेतला. मुलगी मेली की काय म्हणून घाबरलेल्या लोकांच्या फोनची बीबीसीत रीघ लागली. सरकारांना त्यातून प्रचंड प्रसिद्धी मिळाली. तुझी दोरी मात्र कापलेलीच राहिली आणि पडदा पडला, तर लोक म्हणतील हिला जोडताच आली नाही.

बाबांच्या प्रश्नाचं उत्तर मी आनंदाने देते. अॅडलेड हर्मन या बाईंचे जादूगार पती १८९६ मध्ये वारले. नंतर त्यांनी स्वतःच्या नावावर खेळ उभा केला आणि पंचवीसहून अधिक वर्षं अमेरिकेत नि बाहेर तो चालवला. लोक त्यांना जादूची राणी म्हणत. आपल्याकडे सुहानी शाह १९९७ साली, वयाच्या सातव्या वर्षी, अहमदाबादेत रंगमंचावर उभी राहिली आणि आजही देशभर प्रयोग करते आहे. मी स्वतः साडी नेसून प्रयोग केले आहेत. तेव्हा मुली होतात, बाबा.

मुलींना एक खरी अडचण मात्र आहे आणि ती कुठल्याच पुस्तकात लिहिलेली नसते. जादूची बहुतेक पुस्तकं कोट-पॅंट घातलेल्या पुरुषासाठी लिहिली गेली. "नाणं हळूच कोटाच्या खिशात टाका." आपल्या कुडत्याला खिसाच नसतो! म्हणून शिंप्याकडे जा आणि दोन्ही बाजूंच्या शिवणीत खोल खिसे लावून घे. इतके खोल की हात मनगटापर्यंत जाईल, आणि तोंड ताठ राहील असं आतून अस्तर. शिवाय टेबलावर एक उघडी पेटी किंवा खांद्याला शबनम ठेव. तिच्यातून पुढची वस्तू काढायला हात आत जाणं अगदी साहजिक असतं, आणि आत जाताना त्या हातात काय होतं हे कुणी विचारत नाही.

आईचं मी थोडं ऐकेन, थोडं नाही. दहावी होईपर्यंत बंद, हे मला पटत नाही. हात या वयात जसे वळतात तसे पुढे वळत नाहीत. पण रात्री उशिरापर्यंत मोबाइल बघत जादू "शिकणं" बंद व्हावं हे आईइतकंच मलाही वाटतं. रोज अर्धा तास, अभ्यास झाल्यावर, हातात खरं नाणं नि खरे पत्ते घेऊन. मोबाइल फक्त चित्रणापुरता. हा करार आईसमोर मांड. आणि आईला हेही सांग की पुण्यात जादूगार रघुवीर यांनी देश-परदेशात प्रयोग केले, मग त्यांचे चिरंजीव विजय रघुवीर यांनी, आणि आता नातू जितेंद्र रघुवीर करतात. तीन पिढ्यांचं ते काम आहे. तू जादूगार होशील की नाही ते आज ठरवायची गरज नाही, पण हा पोरखेळ आहे असं कुणी म्हणू नये.

दोन गोष्टी मला ठामपणे सांगायच्या आहेत. तुझ्या पंचवीसांत आग, ब्लेड, टाचण्या, सुया, गळ्याभोवतीची दोरी किंवा डोक्यावरून घ्यायची प्लास्टिकची पिशवी असलेली एकही जादू असेल, तर ती आजच्या आज सोड. हात बांधून पाण्यात उतरणं तर मनातही आणू नकोस. २०१९ च्या जूनमध्ये कोलकात्यात हुगळी नदीत असा प्रयोग करताना एक अनुभवी, वर्षानुवर्षं जादू करणारा जादूगार बुडून गेला.

दुसरी गोष्ट मनातलं ओळखण्याच्या जादूची. मघाशी सांगितलेली किलवर राजाची जादू चांगली जमली, तर एखादी मावशी-काकू तुला बाजूला घेऊन विचारेल, "बाळा, माझं हरवलेलं मंगळसूत्र कुठे असेल सांग ना." किंवा मुलीच्या लग्नाचं विचारेल. ती थट्टा करत नसते. त्या वेळी क्षणभरही मोठेपणाचा मोह होऊ देऊ नकोस. तिथल्या तिथे सांग, "काकू, ही हातचलाखी आहे, सरावाने येते, मला काही दिसत नाही." महाराष्ट्रात डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते गावोगावी, शाळाशाळांत बाबा-बुवांचे चमत्कार स्वतः करून दाखवत आले आणि त्यामागची युक्ती उघड करत आले. आपण जादूगार युक्ती झाकून ठेवतो, कारण आश्चर्याचा आनंद द्यायचा असतो. पण अंगात शक्ती आहे असं आपण कधीच म्हणायचं नाही. काकूचा पैसा आणि काकूची काळजी दोन्ही खऱ्या असतात.

डिसेंबरपर्यंत काय करायचं ते सांगते. तीन जादू पक्क्या झाल्या की आधी एकाच माणसाला दाखव. आजी असेल तर आजीला. मग दुसऱ्याला, तिसऱ्याला. शेजारच्या काकू, रिक्षावाले काका, वर्गातली मैत्रीण, दुकानदार, ट्यूशनच्या बाई. एका माणसाला एकदाच दाखवायची, म्हणजे माणसं पुष्कळ लागतील आणि तेच हवंय. घरच्यांसमोर शंभर वेळा करण्यापेक्षा दहा अनोळखी माणसांसमोर करणं जास्त शिकवतं, कारण घरचे सांभाळून घेतात किंवा मुद्दाम पकडतात, अनोळखी माणूस फक्त बघतो. प्रत्येक वेळी घरी आल्यावर वहीत लिही: कुठे हसले, कुठे माझ्या हाताकडे बघितलं, मी कुठलं वाक्य विसरले, कुठे मला स्वतःला कंटाळा आला. ज्या जागी तीन-चार वेगवेगळ्या लोकांनी हाताकडे बघितलं, ती जागा दुरुस्त कर. हाताची हालचाल बदलून बघ, नाहीतर तिथलं वाक्य बदल. पुष्कळदा वाक्य बदलूनच काम होतं. मग नोव्हेंबरच्या शेवटी ती वही आणि दोरीच्या जादूचं चित्रण मला पाठव. मी बघेन आणि जिथे अडतं तिथलं लिहून कळवेन.

तुझी,
मावशी